मदत हवी आहे : सक्सेस, सक्सेसर, सक्सेशन यांसाठी डच शब्द

मुळामुठा : या तीन इंग्रजी शब्दांसाठी नेमके डच शब्द हवे आहेत. संगणकीय भाषांतरात ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ हे यशाचे प्रशस्तिपत्र होऊन बसले आहे. कागद सोमवारी द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

निळी शाई : यश म्हणजे ‘सुक्सेस’. परीक्षेला निघालेल्याला शुभेच्छा देतानाही हाच शब्द वापरतात, मात्र उत्तीर्ण झालेला तो ‘गेस्लाख्त’. मागून पदावर येणारा ‘ओपफोल्गर’. २०१३ मध्ये बेआट्रिक्स राणींनंतर विलेम-अलेक्झांडर गादीवर आले, ती ‘ट्रोनओपफोल्गिंग’. सक्सेशनसाठी सगळीकडे ‘ओपफोल्गिंग’ चालेल.

कालवाकाठ : सगळीकडे चालणार नाही. नेदरलँड्समधील वारसाकराचे नाव २०१० पासून ‘एर्फबेलास्टिंग’ असले, तरी त्याचा कायदा आजही ‘सुक्सेसीवेट १९५६’ याच नावाने ओळखला जातो, म्हणजे वारशासाठी शब्द वेगळे आहेत. कागद कोणी दिला आहे आणि तो नेदरलँड्समध्ये द्यायचा आहे की बेल्जियममध्ये, हे आधी सांगावे.

मुळामुठा : वडिलांच्या पुण्यातील ठेवींसाठी न्यायालयाने दिलेला वारस दाखला आहे. रॉटरडॅमच्या नोटरींनी मागितला आहे.

निळी शाई : मग ‘फेर्क्लारिंग फान एर्फरेख्त’, म्हणजे वारसाहक्काचा दाखला, असे लिहावे, नोटरींना ते नाव रोजचे आहे.

कालवाकाठ : रोजचे आहे, म्हणूनच ते टाळावे. तो दस्त नोटरी स्वतः करतात आणि वारस कोण, हे त्यात नमूद असते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील प्रमाणपत्र मात्र न्यायालय देते आणि ते मृताचे येणे व रोखे वसूल करण्यापुरते असते. शिवाय महाराष्ट्रात वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियमानुसार मिळतो आणि तो वेगळा कागद आहे. आपल्या कागदावर कोणता कायदा लिहिला आहे?

सह्याद्री : कागदावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, घ्यायला विसरू नये.

मुळामुठा : १९२५ चाच आहे. अपोस्टिल झाले आहे, प्रश्न शब्दांचा आहे.

कालवाकाठ : तर इंग्रजी नाव तसेच ठेवून पुढे कंसात, भारतीय न्यायालयाने ठेवी वसूल करण्यासाठी दिलेले प्रमाणपत्र, असे डचमध्ये वर्णन द्यावे. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचे लागेल का, की इंग्रजी मूळच चालेल, हे नोटरींना आधी विचारावे.

निळी शाई : नोटरींना ओळखीचे नाव दिसले तर काम लवकर होते, असे मला अजूनही वाटते.

मुळामुठा : इंग्रजी चालेल का, हे विचारलेच नव्हते. आजच विचारते.