टीबी झाला की लगेच ‘डी’ची टेस्ट कशाला?

खडूस_मिरजकर:
परवा इथे एकांनी ठणकावलं, टीबीच्या प्रत्येक पेशंटचं व्हिटॅमिन डी पहिल्याच दिवशी मोजा, न मोजणारा डॉक्टर निष्काळजी. डोकंच फिरलं. अहो, आजार जोरात असताना रक्तात डी वाहून नेणारं प्रथिनच घटतं, म्हणजे आकडा तसाही खालीच येणार. वर रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं की यकृत डी भराभर मोडतं. अशा आकड्याचं लोणचं घालायचं? आणि डी देऊन तरी काय? मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला डीचे १४,००० युनिट दिले. टीबीची लागण काही कमी झाली नाही.

परळची_पोर:
ती मुलं धडधाकट होती, पेशंट नव्हती. माझ्या आईला मणक्याचा टीबी. कंबर, मांड्या, सगळं दुखायचं, रात्रभर कण्हायची. डॉक्टर ‘औषधांनी होतं’ म्हणून वाटेला लावायचे. भांडून टेस्ट करून घेतली. ६ आला. सहा! डीचे डोस सुरू झाल्यावर दीड महिन्यात जिना चढली. आता सांगा तुमचं प्रथिन.

खडूस_मिरजकर:
त्या दीड महिन्यात टीबीच्या गोळ्याही लागू पडत होत्याच की. लंडनमध्ये पेशंटनाच डीचे मोठे डोस देऊन पाहिले, २०११ साली छापून आलंय. थुंकी निगेटिव्ह व्हायला, म्हणजे तिच्यातले जंतू जायला, लागणाऱ्या वेळात लक्षणीय फरक नाही.

परळची_पोर:
एका जनुकाचा ठरावीक प्रकार असलेल्या लोकांत फरक दिसला होता, ते बरं गाळलंत! स्वतःची आई असती तर असं बोलला असतात?

सुई_टोचक:
भांडू नका. तेरा वर्षं लॅबमध्ये आहे. एकाच बाईचं रक्त दोन मशीनवर लावलं, इकडे १४, तिकडे २२. एक म्हणतं कमतरता, दुसरं म्हणतं ठीक. आणि लॅबच्या टेस्टच्या पॅकेजमध्ये डी का असतो ते मला विचारा. कमिशनचं पाकीट कुठे जातं ते मला ठाऊक, मीच पोचवायचो.

शेंगदाणा_लाडू:
हेच! टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये. एका पॅकेजात ते स्वाहा. अंडी कोण आणणार? झारखंडात पेशंटच्या घरच्यांना शिधा दिला, त्यांच्यात टीबी ३९ टक्क्यांनी घटला. कुणाचा डी मोजून नाही दिला.

परळची_पोर:
शिध्याबरोबर जीवनसत्त्वांच्या गोळ्याही होत्या.

शेंगदाणा_लाडू:
होत्या. सरसकट! मोजत बसले नाहीत. आणि त्या पाकिटाचं पुढे काय झालं हो, सुई_टोचक?

सुई_टोचक:
नोकरी बदलली. पुढचं विचारू नका.

काकांचा_पुतण्या:
सरसकटवाल्यांनो, टीबी झालेल्या आमच्या काकांनी डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याऐवजी रोज घेतली. ‘जीवनसत्त्वच आहे, बाधतंय काय!’ उलट्या, बरळणं, रक्तातलं कॅल्शियम चढून १३. टीबीच्या गाठीतल्या पेशी स्वतःच डी कार्यरत करतात, कॅल्शियम त्यानेही चढतं, हे तेव्हा कळलं.

खडूस_मिरजकर:
म्हणजे मोजायचं तर कॅल्शियम मोजा. बरं बाई, हाडं दुखत असतील, मणक्याचा टीबी असेल, तर डी मोजा. माझी हरकत नाही.

परळची_पोर:
मोठे उपकार झाले. आईला कळवते.

नवीन_सभासद:
ही टेस्ट उपाशीपोटी करायची असते का?

सुई_टोचक:
नाही. चहा पिऊन या.