अँपच्या मागच्या सॉकेटवर किती लोड टाकता येतो? सल्ला हवाय

सुईवेडा: मंडळी, एक जुना स्टीरिओ रिसीव्हर (अँप आणि रेडिओ एकाच डब्यात) हाती लागलाय. मागे तीन एसी सॉकेट आहेत, दोनांवर 'स्विच्ड' लिहिलंय आणि एकावर 'अनस्विच्ड'. खाली 100 वॉट मॅक्स असंही छापलंय. टर्नटेबल, सीडी प्लेयर आणि कॅसेट डेक तिथेच लावायचा विचार आहे म्हणजे एका बटणात सगळं चालू होईल, आणि जमलं तर सबवूफरपण. चालेल का?

बासरसिक: अँप किती वॉटचा आहे? 100 वॉट पर चॅनेल असेल तर प्रत्येक सॉकेट तेवढं सहज देईल की.

सोल्डरभाऊ: नाही हो, त्याचा काही संबंध नाही. पर चॅनेल वॉट म्हणजे स्पीकरला मिळणारी पॉवर. मागच्या सॉकेटमधून येते ती सरळ मेन्सची वीज, अँपच्या आत फक्त वायर फिरवून बाहेर काढलेली. स्विच्ड असेल तर मधे अँपचं पॉवर बटण येतं, म्हणजे तुम्ही जे काय लावाल त्याचा सगळा करंट त्या बटणाच्या कॉन्टॅक्टमधून जाणार. ठिणग्या पडून कॉन्टॅक्ट जळतात, कधी चिकटूनच बसतात, आणि जुन्या मॉडेलचं बटण शोधायला निघालात की मग कळतं. शिवाय बऱ्याच डिझाईनमध्ये सॉकेटची वायर फ्यूजच्या आधीच काढलेली असते, त्यामुळे ओव्हरलोड झाला तर अँपचा फ्यूज उडेल आणि वाचू असं धरून चालू नका.

सुईवेडा: मग 100 वॉट प्रत्येकी का मिळून?

सोल्डरभाऊ: 'टोटल' लिहिलंय का बघा, असेल तर मिळून. काही ठिकाणी स्विच्डचे मिळून वेगळे आणि अनस्विच्डचे वेगळे असतात. काहीच लिहिलं नसेल तर सगळ्यांचे मिळूनच धरा. प्रत्येक डब्याच्या मागच्या पट्टीवर वॉट असतात, बेरीज करा. टर्नटेबल आणि सीडी प्लेयर फार खात नाहीत, साधारण 10-20 वॉट, त्यांची काळजी नाही. सबवूफर मात्र तिथे अजिबात नको! पट्टीवरचा आकडा कमी दिसला तरी चालू होताना ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर क्षणभर जो करंट ओढतात तो त्या आकड्यात धरलेला नसतो. टीव्ही, पॉवर अँप यांनाही हेच लागू. आणि तिथे एक्स्टेन्शन बोर्ड तर लावूच नका, मोकळं सॉकेट दिसलं की घरातलं कोणीतरी इस्त्री लावतंच.

कॅसेटकाका: डेक अनस्विच्डवर घ्या, तिथे अँपचं बटण बंद केलं तरी वीज चालू राहते. जुन्या, यांत्रिक बटणांच्या डेकची वीज प्ले चालू असताना गेली तर पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) कॅपस्टनला, म्हणजे फिरत्या धातूच्या दांड्याला, दाबलेलाच राहतो, रात्रभर तसाच राहिला की रबरला खड्डा पडतो आणि मग आवाज हलतो. ट्यूनरची (रेडिओची) मेमरी नाहीतर डेकवर घड्याळ असेल तरी अनस्विच्डच बरं.

सुईवेडा: अरे हो, सांगायचं राहिलं, रिसीव्हर 120 व्होल्टचा आहे, स्टेपडाऊनवर (230 चे 120 करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालतो. माझा सीडी प्लेयर 230 चा.

सोल्डरभाऊ: हे आधी सांगायचं ना राव! मग मागे पण 120 च येणार, सीडी प्लेयर तिथे नको, भिंतीतूनच द्या. बाकी जे मागे लावाल तो लोड स्टेपडाऊनवरही पडतो, त्यामुळे त्याचे व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची क्षमता) रिसीव्हर अधिक सॉकेट असे मोजा आणि वर थोडी जागा ठेवा. टर्नटेबल 120 चाच आहे का? सिंक्रोनस मोटरचा (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) आणि 60 हर्ट्झचा असेल तर आपल्या 50 वर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या जागी 27.8 च्या आसपास फिरेल. स्टेपडाऊन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही.

बासरसिक: ओके, माझं चुकलं. मग सबवूफरचं काय करावं?

सोल्डरभाऊ: बऱ्याच सबला ऑटो-ऑन असतं, सिग्नल आला की आपोआप उठतो. नसेल तर स्विच असलेला, अर्थिंगवाला चांगला बोर्ड घेऊन भिंतीतून द्या. रिसीव्हरचे ते सॉकेट बहुतेक दोन पिनांचेच असतील, तिथे अर्थिंग मिळत नाही, तीन पिनवाली वस्तू ॲडॉप्टर लावून खुपसू नका.

सुईवेडा: पाहिलं, 'टोटल' लिहिलंय. टर्नटेबल 120 चाच, डीसी मोटरचा. तो स्विच्डवर, डेक अनस्विच्डवर, बाकी भिंतीतून. डेकची पट्टी खरवडलेली आहे, वॉट दिसत नाहीत, कसे कळतील?

कॅसेटकाका: प्लग-इन वॉटमीटर आणा, तुमच्या व्होल्टेजचाच, आणि प्ले, रिवाइंड दोन्ही करून बघा.