धावपट्टीच्या सांध्यालगतचे पॅच उखडतात. रात्रीच्या सहा तासांत पक्की दुरुस्ती कशी?

धावपट्टी_देखभाल: ३५ सेंमी जाडीचे काँक्रीट स्लॅब. आडव्या सांध्याच्या कडा फुटल्यात, ६० सेंमी लांब, ८ सेंमी खोल. धावपट्टी रात्री ११ ते ५ बंद मिळते. आधीचे पॅच उन्हाळ्यात उचकटले. आता सीएसए (कॅल्शियम सल्फोअ‍ॅल्युमिनेट) सिमेंट घ्यावं की मॅग्नेशियम फॉस्फेट? दोन्ही झटपट घट्ट होणारी.

काँक्रीटवाला: सिमेंटचं नंतर बघू, आधी सांधा बघा. पॅच भरताना मसाला सांध्यात उतरला असणार. दुपारी स्लॅब फुगला की शेजारचा स्लॅब थेट पॅचवर रेटतो आणि पॅच उडतो. म्हणून सांध्यात दबणारी फोमची पट्टी उभी करा, पॅचच्या तळाखाली २५ मिमी आणि दोन्ही टोकांना ७५ मिमी जास्त.

हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते आखा, त्याबाहेर ७५ मिमीवर चौकोनी काप घ्या, किमान ५० मिमी खोल. निमुळत्या कडा ठेवल्यात तर त्याच आधी सुटतील. काँक्रीट फोडायचा ब्रेकर १५ किलोच्या आतला. जड ब्रेकर खालचं चांगलं काँक्रीटही तडकवतो.

रात्रपाळी: मॅग्नेशियम फॉस्फेटला कोरडा पृष्ठभाग लागतो आणि चुनखडीची खडी चालत नाही, कारण वायू सुटून मसाला फसफसतो. इथे सीएसए बरं. त्याला तळ ओला हवा, पण पाणी साचलेलं नको. मसाला घट्ट होईपर्यंत हाताशी १५-२० मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून कमी. गार पाणी घ्या, घट्ट होणं लांबवणाऱ्या सायट्रिक ॲसिडचं प्रमाण आधी ट्रायलमध्ये ठरवा. घट्ट झालं म्हणून वरून पाणी ओतलंत तर ताकद गेली. सेट होताच तासभर ओलं ठेवा. धावपट्टी उघडायची ती त्याच मसाल्याचे साइटवरच ठेवलेले चाचणीचे क्यूब फोडून, घड्याळ बघून नाही. आणि मिक्सर लगेच धुवा, नाहीतर ड्रम छिन्नीने फोडत बसाल.

धावपट्टी_देखभाल: एका जागी डॉवेल (दोन स्लॅब जोडणारा सांध्यातला लोखंडी गज) उघडा पडलाय.

काँक्रीटवाला: मग तिथे पॅच नको, पूर्ण जाडी काढा. काप आदल्या रात्री मारून ठेवा, नाहीतर सहा तास पुरणार नाहीत.

जुना_सॅपर: बॉम्बच्या खड्ड्याचं गणित वेगळं. भोवतालचा स्लॅब वर उचललेला असतो, तो सरळपट्टी लावून शोधायचा आणि त्याच्याही ६० सेंमी बाहेर कापायचं. खाली वाहतं भरण (ओतता येणारं पातळ मिश्रण), वर २५ सेंमी जलद काँक्रीट. त्यानंतर दोनेक तासांत विमान उतरवता येतं. डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात गुजरातेतल्या भुजला बॉम्बने फुटलेली धावपट्टी स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिकांच्या हाताखाली शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत उभी केली, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं.