घाटातल्या जाळ्यांनी दरड थांबते का?

रामबागकर: पावसाळ्यात पुण्याला जायचं म्हटलं की आई बसचं नावच काढू देत नाही, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दरड पडते म्हणून. इंदूर-पुणे गाडीलाही खंडाळ्याचा घाट चढावा लागतो, हे मी तिला सांगत नाही. २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरडीने जीव घेतले, मग कड्यांवर लोखंडी जाळ्या आल्या. २०२३ च्या जुलैत आडोशीलाच पुन्हा दरड! जाळ्यांचं कौतुक पुरे. अतिवृष्टीचा इशारा आला की रात्री घाट बंद, विषय संपला.

जुना ओव्हरसिअर: जाळीवर उगाच राग. दगडाला उडी मारू न देता डोंगराला घासत पायथ्याच्या चरात आणणं, एवढंच तिचं काम. चर गाळाने भरलाय, तर दोष कुणाचा? आणि मातीचा आख्खा लोंढा ती कशी तोलणार? इंदूरजवळच्या चोरलपासून खंडाळ्यापर्यंत आपला तोच काळा बेसाल्ट. भेगांत पाणी साचतं आणि दगडाला पुढे रेटतं. दोन थरांमधली लाल माती धुपली की वरचा थर छज्ज्यासारखा अधांतरी. तिथे माथ्यावर चर हवा, पाणी निघायला कड्यात भोकं हवीत. पण फोटोत जाळी छान दिसते ना!

टेम्पोवाला भिया: घाट बंद केला की रांग कुठे लागते ठाऊक आहे? बरेचदा त्याच कड्याखाली. वर भाजी सडते ती वेगळी.

पागनीसपागा: बंद कशाला, वेग कमी करा. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावरच्या दरडीने ५० हून जास्त माणसं गेली. कोकण रेल्वेवर आता पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं: गाड्या हळू, डोंगर कापून रूळ नेलेत तिथे गस्त.

टेम्पोवाला भिया: ताई, रेल्वेला एक ड्रायव्हर. इथे हजार, त्यातले निम्मे ओव्हरटेकवाले.

जुना ओव्हरसिअर: रेल्वेकडून घ्यायचंच तर दुसरं घ्या. भोर घाटात, म्हणजे खंडाळ्याच्याच घाटात, पावसाआधी माणसं कड्यावर चढून सैल दगड शोधतात आणि पाडून टाकतात. रस्त्यावरही तेच करा. घाट बंद करायचाय ना? मग मे महिन्यात करा, दिवसाढवळ्या, चार-चार तास. जुलैच्या रात्री नव्हे.

रामबागकर: मे महिन्यात? लग्नसराईत? वऱ्हाडाच्या शिव्या तुम्ही खाणार का, साहेब?