आधी अंदाज, मग प्रयोग : प्राथमिक शाळेतील विज्ञानाचे सीमाभागातील अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतील मराठी शाळांत शिकलेल्या, शिकवणाऱ्या आणि आपली मुले तिथे पाठवणाऱ्या सर्वांना हे निमंत्रण आहे. बल, पदार्थ किंवा मानवी शरीर यांविषयीची एखादी गोष्ट सातवीपर्यंतच्या वर्गांत कशी उमगली, ते सविस्तर लिहावे. माझी एकच अट आहे : प्रयोगापूर्वी मुलांना काय होईल असे वाटले होते, ते अवश्य सांगावे. मूल शाळेत येते तेव्हा पडणे, तरंगणे, तापणे, थकणे यांबद्दलची स्वतःची उत्तरे घेऊनच येते. ती बाहेर न काढता धडा पुढे नेला, तर परीक्षेत पुस्तकातले लिहिले जाते आणि मनात जुनेच खरे राहते, असे मला शिकवताना सतत जाणवत आले. सुरुवात मीच करते.

निवृत्त शिक्षिका, बेळगाव शहर

पाणी किती अंशांवर उकळते, असे विचारल्यावर सातवीच्या सगळ्या वर्गाने वहीत 100 लिहिले. पातेल्यातले पाणी खळखळून उकळू लागले, तरी तापमापकातला लाल द्रव 98 च्या किंचित खालीच थांबला आणि आच वाढवूनही वर सरकेना. तापमापक बिघडला आहे, असे बहुतेकांचे मत पडले. तेव्हा एका मुलीने विचारले की तो बिघडला आहे हे ओळखायचे कसे. आणि मला तो प्रश्न त्या दिवसाच्या धड्यापेक्षाही मोलाचा वाटला. आम्ही बर्फ आणून, तो वितळत असताना त्यात तापमापक बुडवला, तेव्हा द्रव बरोबर शून्यावर आला. मग मुलांना सांगितले की बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाण्याच्या कणांना वाफ होऊन सुटणे सोपे जाते, आणि साधारण दर 300 मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. हे ऐकून प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. दिवाळीच्या सुट्टीत ती मामाच्या घरी वेंगुर्ल्याला जाणार होती, म्हणून तापमापक कापसात गुंडाळून तिच्या आईच्या हाती दिला. तिथे मामींनी चुलीवर पाणी उकळून दाखवले, आणि तिने वहीत आकडा लिहून आणला : जवळजवळ 100.

शेतकरी आणि पालक, येळ्ळूर

आता बैलगाड्यांना रबरी टायर आले असले, तरी आमच्या ओळखीच्या एका लोहाराकडे लाकडी चाकावर लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीचे कडे, चढवण्याचे काम अजून कधीतरी निघते. मुलाच्या वर्गात उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हा धडा चालू होता, म्हणून त्याला मुद्दाम तिकडे नेले. शेणींच्या जाळात धाव तापत असताना मी त्याला विचारले की लोखंड फुगले तर मधली पोकळी लहान होईल की मोठी. लोखंड आतल्या बाजूलाही फुगणार, त्यामुळे पोकळी लहानच होणार, असे त्याने ठामपणे सांगितले; आणि खरे तर मोठी माणसेही हेच उत्तर देतात. थंड असताना चाकावर न बसणारी ती धाव तापल्यावर सहज खाली उतरली, पाणी ओतताच वाफेचा लोट उठला आणि लाकूड करकरत आवळले गेले. धावेचा प्रत्येक भाग लांबीने वाढतो, म्हणजे तिचा पूर्ण घेरच वाढतो, हे त्याला मग जमिनीवर आकृती काढून पटवता आले. 1.2 मीटर व्यासाची धाव 500 अंशांनी तापली तर तिचा व्यास सुमारे 7 मिलिमीटरने वाढतो. एवढ्याशा फरकावर चाकाची सगळी मजबुती उभी असते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

परिचारिका, निपाणी

माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. शाळेत बाईंनी बुडाकडून कापलेल्या बाटलीत फुगा लावला, खालच्या तोंडावर फुटक्या फुग्याचे रबर ताणून बसवले, आणि ते खाली ओढल्यावर काय होईल असे विचारले. हवा आत शिरते म्हणून छाती फुगते, अशी आम्हा सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात उलटा क्रम दिसला : रबर खाली ओढताच बाटलीतला फुगा फुगला. शरीरातही तसेच श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, खाली जाते, बरगड्या उचलल्या जातात, छातीत जागा वाढते आणि म्हणून हवा आत येते. मी लगेच विचारले की हवेबरोबर तंबाखूची धूळही येत असेल, तर ती कुठे जाते. बाईंनी प्रश्न टाळला नाही. जाड कण नाकातल्या केसांत आणि श्वासनलिकेतल्या चिकट द्रवात अडकतात, तो द्रव केसांसारखे सूक्ष्म रोमक वर ढकलतात, मात्र अगदी बारीक कण फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, असे त्यांनी सांगितले. आईचा खोकला तिच्या अशक्तपणामुळे नसून तिच्या कामामुळे असू शकतो, हे मला त्या बाटलीमुळे प्रथम सुचले. आज कामगार स्त्रियांशी बोलताना मी तशीच बाटली सोबत नेते, आणि तंबाखूच्या ओल्या पानांतले निकोटिन कातडीतूनही शरीरात जाऊन मळमळ व चक्कर आणते, हेही सांगते.

कुंभारकाम करणाऱ्या घरातील विद्यार्थी, खानापूर

गुरुजींनी कच्च्या मडक्याचा तुकडा आणि भाजलेली खापरी पाण्यात ठेवली. दोन्ही मातीच, तेव्हा खापरी थोडी उशिरा पण विरघळेलच, असे वर्गाचे म्हणणे होते. मला घरी पाहून ठाऊक होते की तसे होत नाही. कारण मात्र ठाऊक नव्हते. उन्हात केवळ कणांमधले पाणी उडते, तर भट्टीत सुमारे 500 ते 600 अंशांना मातीच्या घडणीत बांधलेले पाणीही निघून जाते आणि माती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

शिक्षक, कणकुंबी परिसर

पुस्तकातील बाष्पीभवनाचा प्रयोग आमच्याकडे जुलैत होत नाही. मुलांनी ओला रुमाल दुपारपर्यंत वाळेल असा अंदाज लिहिला होता, पण पडवीतला रुमाल दुसऱ्या दिवशीही दमटच होता. हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी पाणी उडायला वाव उरत नाही, हे मुलांनी त्यावरून जवळपास स्वतःच मांडले. चुलीजवळ टांगलेला दुसरा रुमाल मात्र लवकर वाळला. यंदा मार्चमध्ये तोच प्रयोग पुन्हा करून दोन्ही ऋतूंतल्या नोंदी भिंतीवर शेजारी शेजारी लावणार आहोत.