टँकरवाली आक्कामॅन
कॉमिकमधल्या सुपरहिरोंना गावरान मराठी नावं द्यायच्या खेळात कुणीतरी बॅटमॅनचं ‘वटवाघूळराव’ केलंय, झकास! पण आमच्या लातुरात पाण्यातला हिरो अ‍ॅक्वामॅन चालायचा नाही. १९४१ पासून कॉमिकात समुद्रात डुंबतोय गडी. इथं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्याला पाहिजे ‘आक्कामॅन’. कमरेवर घागर, हातात पाइप, नळाला पाणी कधी येणार ते हिला आदल्या रातीच कळतं. (शत्रू एकच, रांगेत मधीच घुसणारी शेजारीण.)

हल्कचं तर आयतंच आहे. १९६२ च्या त्याच्या कॉमिकच्या पहिल्या अंकात तो करडा होता. छपाईत करडा रंग नीट जमेना म्हणून दुसऱ्यापासून हिरवा केला. म्हणजे आधी करडई, मग हरभऱ्याचा डहाळा! नाव ‘हलकं’, वजन क्विंटलात.

सुपरमॅनचं ‘सुपारीमॅन’ मात्र नका करू राव, लई शिळं झालंय.