टिप बसते, पण ब्रेक मारला की उडते

नऊबॉलवाला:
मंडळी, जरा मदत करा. पूल खेळायच्या क्यूची (काठीची) जुनी टिप, म्हणजे टोकाची चामड्याची चकती, झिजून चपटी झाली होती, म्हणून नवी आणली. थरांची, मिडियम कडक, १३ मिमी. फेरूल (टिप जिच्यावर बसते ती टोकाची टोपी) १२.७५ ची आहे. जुनी कटरने उडवली, पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून फेरूल नीट घासली, सुपरग्लू लावला, दाबून धरली, रात्रभर हात लावला नाही. साध्या शॉटला काही होत नाही. ब्रेक (डावाचा पहिला जोरदार फटका) मारला की टिप टेबलाखाली! पाठीवर बघितलं तर मधोमध चामड्याचे धागे उपटलेत आणि कडेला ग्लूचा गुळगुळीत, चकचकीत थर तसाच आहे. ग्लू बदलू का?

कॉर्नर_पॉकेट:
इपॉक्सी लाव आणि विषय संपव.

फेरूलभाऊ:
इपॉक्सीने विषय संपत नाही. पुढची टिप काढताना फेरूलचा जीव जातो, एवढंच.

नऊबॉलवाले, ग्लूला शिव्या घालू नका. "बोटावर गुंडाळून" लिहिलंत ना, तिथंच सगळं आलं. बोट मऊ. ते कडेवरून खाली दबतं, त्यामुळे कड जास्त घासली जाते आणि फेरूलचं तोंड मध्ये फुगीर राहतं. वर सपाट टिप ठेवली की ती फक्त मध्ये टेकते, उरलेली फट ग्लू भरतो. सुपरग्लू पातळ थरात जबरदस्त धरतो, जाड थरात ठिसूळ होतो. तुमच्या टिपची पाठ हेच सांगतेय: मध्ये धरलं म्हणून धागे उपटले, कडेला धरलंच नाही.

कोरडीच टिप फेरूलवर ठेवा आणि डोळ्यासमोर आडवी धरून उजेडाकडे बघा. कडेने उजेडाची रेघ दिसली की फट आहे.

आता घासायचं ते असं. साधारण १५० नंबरचा कागद काचेवर सपाट चिकटवा. क्यू दोन तुकड्यांचा असेल तर मागचा दांडा सोडवून ठेवा, नुसता शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) सांभाळायला सोपा. फेरूलच्या तोंडावर पेन्सिलने फुली मारा आणि शाफ्ट उभा धरून हलक्या हाताने फिरवा. फुलीचा मधला भाग आधी पुसला जाईल, कडेची चार टोकं शेवटी. ती गेली की लगेच थांबा. घासलेली फेरूल परत वाढत नाही!

टिपची पाठही त्याच कागदावर दोन हात फिरवून खरखरीत करा. मग दोन्ही पुसा आणि त्या जागेला बोट लावू नका, बोटाचं तेल पुरतं.

ग्लू जेलचाच घ्या. पाण्यासारखा पातळ असेल तर चामडं तो पिऊन घेतं, खालचा थर कडक होतो आणि सांध्यात काही उरत नाही. एक छोटा थेंब टूथपिकने कडेपर्यंत पसरा, टिप ठेवून किंचित फिरवा, मग शाफ्ट उलटा करून टेबलावर सरळ खाली दाबून धरा.

चॉकवाली:
आणि बाहेर आलेली कड? मी फेरूलला मास्किंग टेप लावते, शाफ्ट लाकडी फळीवर उलटा धरते आणि नव्या पात्याने फेरूलकडून खाली थोडं थोडं कापते.

फेरूलभाऊ:
बरोबर. पण १२.७५ वर १३ म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाव मिलिमीटर, त्याला पातं कशाला? टेप लावा आणि बारीक पॉलिश पेपरने घासा. नंतर टिपची बाजू किंचित ओली करून साध्या कागदाने जोरात घासा, बोटाला चटका बसेपर्यंत. बाजू चकचकीत आणि घट्ट होते, मग टिप लवकर फुगून बाहेर येत नाही.

नऊबॉलवाला:
उजेडाला धरली. एका बाजूला रेघ जाड, समोरच्या बाजूला जवळजवळ नाहीच. आणि टिपच्या वरची गोलाई कुठल्या अमेरिकन नाण्याच्या कडेसारखी ठेवू, डाइम की निकेल?

फेरूलभाऊ:
म्हणजे तोंड फुगीर आहेच, वर तिरकंही आहे. काटकोनी लाकडी ठोकळा कागदाशेजारी उभा करा आणि शाफ्ट त्याला टेकवून घासा. पूल शाफ्टचा पुढचा भाग बहुधा बराच अंतर एकाच जाडीचा असतो, त्यामुळे जमतं. स्नूकरच्या निमुळत्या क्यूला हे चालणार नाही. आणि चार फिरक्या झाल्या की शाफ्ट पाव वळवा, म्हणजे हात कलला तरी कल एकाच बाजूला साचत नाही.

डाइम १७.९ मिमीचं नाणं, निकेल २१.२ चं. म्हणजे डाइमची गोलाई जास्त, बॉलला फिरकी देणाऱ्यांना ती आवडते. एकाच क्यूने खेळायचं आणि ब्रेकही मारायचा असेल तर मी निकेलच ठेवीन.

उडालेली टिप फेकली नाहीत ना? पाठीवरचा ग्लू सपाट घासून काढा, तीच परत चालेल.